आसन क्रमांक नऊ नापास

९ नोव्हें., रविवार. लातूर

अण्णांना कळलं. सोळा वर्षं लपवलं होतं, आज सकाळी साडेनऊला खोबरेल तेलाच्या वाटीपुढे उघडं पडलं.

आई डोक्याला तेल लावून देत होती. मी बेसावध, फोनमध्ये तोंड. तिचा अंगठा उजव्या कानाच्या वर आला आणि थांबला. मग बोटं फिरली. मग काहीच नाही. आई काहीच बोलत नाही तेव्हा घाबरायचं असतं, हे मला पहिलीपासून माहीत आहे.

"अवो, जरा इकडं या," ती म्हणाली.

अण्णा चष्मा चढवून आले. चौतीस वर्षं मराठी शिकवलं, बोर्डाचे पेपर तपासले, त्यामुळे कशाकडेही वाकून बघतात ते उत्तरपत्रिकेकडे बघितल्यासारखेच. "चाई लागलीय का?" म्हणाले. हो म्हटलं असतं तर सुटले असते. चाईत कुणाची चूक नसते. पण तोंडातून निघून गेलं, "नाही अण्णा. मीच उपटते."

"का?" अण्णा.

का ते माहीत असतं तर.

"दुखत न्हाई का गं?" आई. नाही दुखत. बरं वाटतं, अर्धं मिनिट. मग पुढचा तासभर स्वतःला शिव्या. हे आईला सांगितलं नाही. रूपावहिनी दारात बाळाला भरवत उभी होती, तिने सगळं ऐकलं. बाळाने पण ऐकलं, पण तो अकरा महिन्यांचा पण नाही अजून, चालेल.

उ–६. (आकड्यापुढे हा शब्द मी पुरा लिहीत नाही. लिहिणार पण नाही.)


१० नोव्हें. नांदेड

पहाटेच्या एसटीने आले. अहमदपूरला चहा. लोह्याला फोन वाजला, अण्णांचा मेसेज: "सदर विकाराविषयी माहिती संकलित करीत आहे. काळजी नसावी." मेसेजमध्ये सुद्धा पूर्णविराम सोडत नाहीत.

कॉलेजच्या लायब्ररीत परत आलेल्या पुस्तकांचा ढीग. पानं फाटलीत का बघायची, शिक्का मारायचा, रजिस्टरला घ्यायची. डावा हात कामाला, उजवा डोक्याला. उ–१४.

संध्याकाळी वहिनीने व्हिडिओ पाठवले, तीन. कांद्याचा रस. मेथ्या. तिसऱ्यात एक बाई म्हणते केसांच्या मुळाशी किडे असतात, तेच हाताला बोलवतात. खाली वहिनीचं: ताई, आईनं पाठवलेत देवणीहून.

म्हणजे देवणीपर्यंत पोचलं. एका दिवसात. वहिनीची आई म्हणजे माझी कोण? नीट दोनदा बोललोसुद्धा नाही आम्ही. त्या मावशींना माझ्या केसांची एवढी काय पडलीय? फार राग आला. वहिनीला अंगठा पाठवून दिला.


१४ नोव्हें.

अण्णांचा फोन, पाऊण तास. इंटरनेटवर "केस उपटण्याची सवय" यावर त्यांना अकरा व्हिडिओ सापडले. सगळे तपासणार. नावावरून, चॅनेलवरून मत बनू नये म्हणून प्रत्येकाला आसन क्रमांक दिलाय. फुलस्केप आणली, लाल पेन आणलं. पन्नास गुणांचं परीक्षण. आई मागून ओरडत होती की दोन दिवस झाले, जेवायला हाक मारली तर "पेपर चालू आहेत" म्हणतात.

मला हसू आलं. मग रडू. मग परत हसू. रिटायर झाल्यापासून इतका खूश आवाज ऐकला नव्हता त्यांचा.


१६ नोव्हें., रवि. लातूर

निकाल लागला. जेवणानंतर अण्णांनी वाचून दाखवला. आम्ही चौघं सतरंजीवर, दादा भिंतीला टेकून पेंगत.

आसन क्र. २, ती किड्यांवाली बाई: ३. शेरा, "विधानांस आधार नाही. शुद्धलेखन भयंकर." (पडद्यावरच्या अक्षरांवरून.) क्र. ७, कांदा: ८. क्र. ५ अर्ध्यातच हिंदीत गेला म्हणून अपात्र.

पहिला आला क्र. ४. पांढरा कोट, गळ्यात स्टेथो, मागे पुस्तकांचं कपाट. स्वच्छ मराठी, एक शब्द अडखळत नाही. सुरुवातीला प्रश्न, मग कारणं, मग उपाय, मग समारोप. सवय म्हणजे मनाचा आळस. मनगटाला रबर बांधा, हात उठला की चटका द्या. ज्याची इच्छाशक्ती खरी, त्याचं एकवीस दिवसांत मुळापासून जातं. अण्णांनी ४३ दिले. असे गुण त्यांनी दादाच्या निबंधाला पण कधी दिले नाहीत.

शेवटून तिसरी क्र. ९. एक तरुण डॉक्टर मुलगी, मागे पंख्याची घरघर, दर वाक्याला "म्हणजे". अर्धं इंग्रजी. कारण काय, तर "एकच कारण सांगता येत नाही". बरं होतं का, तर "बऱ्याच जणांचं खूप कमी होतं, काहींचं जातं-येतं". चौदा. शेरा: "विषयाची पकड नाही. समारोपच नाही. नापास."

अण्णांनी पाठवलेले अकराही मी आधीच बघितले होते, आठवड्यात. नऊच्यात एका जागी ती म्हणते, तुमची इच्छाशक्ती कमी आहे म्हणून हे होत नाही. तिथे मी व्हिडिओ थांबवला होता. मागे नेऊन परत ऐकला. पण अण्णांसमोर बोलले नाही. चौदा गुणवालीची बाजू कोण घेणार.

एक गंमत फक्त इथे लिहिते. काल उ–३१. सगळे हे व्हिडिओ बघता बघता.


२३ नोव्हें., रवि. लातूर

बाळाच्या जावळाची तारीख ठरली, १ फेब्रुवारी. देवणीची मंडळी आली होती, वहिनीचा भाऊ आणि आई. मामाच्या मांडीवर बाळ बसणार आणि केस झेलायचे आत्याने. म्हणजे मी. पदर पसरून समोर बसायचं, एक केस खाली पडू द्यायचा नाही. सगळे माझ्याकडे बघत असणार, डोक्याकडे पण.

देवणीच्या मावशी मोजकंच बोलतात. पदर कपाळापर्यंत, जेवताना पण. वहिनी म्हणते, तिला कळायला लागल्यापासून आईच्या डोक्यावरून पदर ढळलेला तिने पाहिला नाही. जुन्या वळणाच्या. माझ्या रुंद हेअरबँडकडे मात्र त्या बराच वेळ बघत होत्या. मी उठून पाणी आणायला गेले.

ठरवलं. एकवीस दिवस करायचे. जावळापर्यंत तिथे निदान काळी लव तरी दिसेल.


१ डिसें., सोम. नांदेड

दिवस १. रबर निळं, लायब्ररीतलं, गठ्ठ्यांना लावतो ते. उ–०.

अण्णांना कळवलं. "अभिनंदन. सातत्य ठेवावे."


५ डिसें.

दिवस ५. उ–०, ०, १, ०. मनगट लाल. लायब्ररीत शिपाई मामांनी विचारलं, मॅडम हे काय नवस आहे का? हो म्हटलं.


११ डिसें.

दिवस ११. उ–२. खोटं नाही, फरक पडतोय. बोट फिरवलं तर खरखर लागते. स्वतःच्या डोक्यावर इतकं प्रेम कधी केलं नव्हतं. अण्णांनी वहीत माझा आलेख काढलाय म्हणे.


१६ डिसें.

दिवस १६.

पुस्तक-गणती चालू आहे. तीन वर्षांतली हरवलेली पुस्तकं शोधायची, प्राचार्यांना यादी द्यायची. दुपारी भानावर आले तेव्हा टेबलावर, रजिस्टरच्या घडीत... मोजले नाहीत. चाळीसच्या वर असतील. पंधरा दिवसांत आलेलं सगळं गेलं आणि वरचं पण थोडं. रबर तुटलं होतं. ते कधी तुटलं तेही माहीत नाही.

तो कोटवाला म्हणतो ज्याची इच्छाशक्ती खरी. ठीक आहे, माझी खोटी.


२१ डिसें., रवि. लातूर

दिवस २१. आईने शिरा केला होता. अण्णा दारातच उभे. मी नांदेडहून निघताना त्या जागेत काजळ भरलं होतं, वरून केस वळवून पिना. लांबून कळत नाही.

"मग?" अण्णा म्हणाले.

"झालं," म्हणाले मी.

बास, एवढंच. एक शब्द. पण त्यांचा चेहरा असा झाला की परत घेता आला नाही. आईने तिथेच दृष्ट काढली. अण्णांनी फोन घेतला, घसा साफ केला आणि निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर निरोप रेकॉर्ड केला. आमच्या परिचयातील एका मुलीस सदर व्हिडिओतील पद्धतीने एकवीस दिवसांत पूर्ण गुण आला, तरी गरजूंनी लाभ घ्यावा. खाली क्र. ४ ची लिंक. वहिनी म्हणाली, मला पण पाठवा की अण्णा, आणि त्यांनी पाठवला.

मी शिरा खाल्ला. चांगला झाला होता.


२४ डिसें. नांदेड

क्र. ४ परत बघितला, या वेळी शेवटपर्यंत. समारोप झाल्यावर पुढे चार मिनिटं तेलाच्या बाटलीची जाहिरात. "इच्छाशक्तीला बळ देणारं." अण्णांना फोन करून विचारलं, हे बघितलं होतं का. म्हणाले, "ती पुरवणी होती. मुख्य उत्तर संपल्यावर मी थांबलो."

हसले. पण तेलाची बाटली हातात धरून तो ज्या खात्रीने बोलतो ना, त्याच खात्रीने मी "झालं" म्हणाले होते.

उ–२२.


२८ डिसें., रवि.

या रविवारी लातूरला गेले नाही. सर्दीचं कारण. अण्णांचाच फोन, फार खुशीत. ग्रुपवर पाच जणांनी आभार मानले. त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याची नात, दहा वर्षांची, भुवया उपटते. उद्यापासून एकवीस दिवस सुरू करतायत. आजोबा स्वतः मनगटावर रबर ओढणार आहेत, कारण मुलीचा हात हलका पडतो.

दहा वर्षांची. तिचा सोळावा दिवस कसा जाईल ते मला माहीत आहे, आणि मग तिला काय सांगतील तेही.

"अण्णा, माझं झालेलं नाही."

मी सांगत गेले. काजळ, पिना, रजिस्टर. सोळावा दिवस. खोटं बोलले ते तुम्ही इतके खूश होतात म्हणून. आणि माझं मन कच्चं आहे म्हणून.

सगळं ऐकून म्हणाले, "त्यांना आधी फोन करतो. त्या पोरीला रबर नको." आणि ठेवून दिला.

मला वाटलं, आता दोन दिवस बोलणार नाहीत. अर्ध्या तासात परत फोन. आवाज बसलेला. म्हणाले, "मीने, पेपर तपासण्यात चूक माझी आहे. मी अक्षराला गुण दिले."

मी रडले. ते पण रडले असावेत, कारण मग आईनेच फोन घेतला आणि म्हणाली, "बाप-लेक दोघं बी येडे हाव. सर्दीला काढा घे."


४ जाने., रवि. लातूर

गेले. काजळ नाही. आईने तेल लावलं, त्या जागेवर अगदी हलक्या बोटांनी.

अण्णांनी जाहीर केलं की सर्व अकरा उत्तरपत्रिकांची फेरतपासणी होईल. पण नियमाप्रमाणे पहिल्या परीक्षकाला फेरतपासणी करता येत नाही. नियामक बाहेरचा पाहिजे, विषयाचा जाणकार. नांदेडला अशी कुणी व्यक्ती आहे का?

एका डॉक्टर मॅडमचं नाव माझ्याकडे दोन वर्षांपासून एका चिठ्ठीवर आहे. पाकिटाच्या आतल्या कप्प्यात. कधी गेले नाही.

"आहे," म्हणाले.


१० जाने., शनि. नांदेड

अण्णा एसटीने आले. बगलेत फाईल, धुतलेला शर्ट, जसे बोर्डाच्या कामाला जायचे तसे.

मॅडमनी आधी मला एकटीला आत घेतलं. कधीपासून, कुठे, केव्हा. उपटलेले केस गिळतेस का? नाही. (गिळत असतीस तर पोटाच्या डॉक्टरांकडे आधी पाठवलं असतं म्हणाल्या, आतडं अडू शकतं.) या आजाराला नाव आहे आणि तो आळस नाही. माझ्या वहीतले आकडे दाखवले तर खूश झाल्या. निम्मं काम आधीच केलंय म्हणे. बोट ठेवून वाचत गेल्या आणि मला दिसलं की आकडे कुठे चढतात: परत आलेली पुस्तकं, रजिस्टर, आणि रोज संध्याकाळी व्हिडिओ. केस उपटणं कसं थांबवावं ते बघताना सगळ्यात जास्त उपटले. दोघी हसलो. दवाखान्यात हसेन असं वाटलं नव्हतं.

मग अण्णा. फाईल पुढे ठेवली आणि उभे राहिले. मॅडमनी बसवलं. फुलस्केपा वाचल्या, "शुद्धलेखन भयंकर" वर थांबल्या, चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाल्या, सर, तपासणी उत्तम आहे, फक्त प्रश्नपत्रिका दुसऱ्या विषयाची होती. बोलणारा शिकलाय काय, हे बघितलं का? तो हे कशावरून सांगतोय? बरं होण्याची तारीख देतोय का? शेवटी काही विकतोय का? आणि ऐकणाऱ्याच्या माथी दोष मारतोय का? अण्णा भराभरा लिहून घेत होते. पुरवणीला लाल रेघ मारली.

तिथेच फेरतपासणी झाली. क्र. ४: सहा. क्र. ९: अडतीस. बारा कापले कारण गिळणाऱ्यांविषयी बोललीच नाही आणि आवाज नीट येत नाही. अण्णांना अडतीस झेपेनात.

"पण समारोप नाही हो तिला," म्हणाले.

"सर, या आजाराला तरी कुठं आहे?" मॅडम म्हणाल्या. "खोटा समारोप लिहिण्यापेक्षा तिनं जागा मोकळी सोडली."

अण्णांनी फाईल बांधली. बसस्टँडवर उसाचा रस घेताना म्हणाले, "किती पोरांना मी असं नापास केलं असेल गं." मी म्हटलं, सगळ्यांची फेरतपासणी करू नका आता. हसले थोडे.


११ जाने.

अण्णांनी ग्रुपवर शुद्धिपत्र काढलं. "दि. २१ डिसेंबर रोजीच्या निरोपातील माहिती चुकीची होती. परीक्षकाची चूक. संबंधित मुलीस गुण आलेला नव्हता व त्यात तिचा दोष नाही." खाली क्र. ९ ची लिंक आणि: मूल लहान असल्यास व्हिडिओवर न थांबता डॉक्टरांना दाखवावे.

चार अंगठे. एकाने विचारलं, मग कांद्याचं खरं का?

त्या नातीला लातुरातच डॉक्टरांकडे नेलं. रबर काढलं.


१९ जाने.

मॅडमनी दिलेलं काम: हात वर निघाला की ओळखायचं, मूठ घट्ट मिटायची, मिनिटभर. भांडायचं नाही त्याच्याशी, फक्त हाताला दुसरं काम द्यायचं. लायब्ररीत मूठ मिटून बसले तर लोक काय म्हणतील, म्हणून उजव्या हातात तारखेचा शिक्का धरून ठेवते. आज एका मुलाच्या ओळखपत्रावर १९ जानेवारी उठली. माझ्या गालावर पण, ते घरी येऊन कळलं. दिवसभर कुणी बोललं नाही.

उ–५. काल १७, परवा ३. अण्णांनी आलेख काढणं बंद केलंय. मीच सांगितलं.


२७ जाने.

उ–१९. मॅडम म्हणाल्या, हे होणार. दोन दिवस मग रडत बसायचं नाही, फक्त कुठे झालं ते लिहायचं. लिहिलं: वहिनीचा फोन आल्यावर. जावळाला कोण कोण येणार ती यादी ऐकताना. पस्तीस माणसं.


१ फेब्रु., रवि. लातूर

जावळ झालं.

सकाळी वहिनीने माझे केस घातले. मी म्हटलं झाकून घाल. तिने गजरा बरोबर त्या जागेवर आणला, पिन लावली आणि म्हणाली, "ताई, लव आलीया बरं का." खोटं बोलायची सवय तिला नाही. बोट लावून बघितलं. थोडी आहे.

बाळ मामाच्या मांडीवर, मी समोर पदर पसरून. सलूनवाले काका. पहिली बट पडली आणि बाळाने असा टाहो फोडला की बाजूच्या गल्लीतला कुत्रा उत्तर द्यायला लागला. पदरात केस साठत गेले. मऊ. इतके मऊ की माझी बोटं आपोआप... एक बट दोन बोटांत आली, मी ती पिळली. पस्तीस माणसं बघत होती. वर बघितलं तर अण्णा. त्यांनी काही केलं नाही, फक्त आपली उजवी मूठ मांडीवर घट्ट मिटली. मी पण मिटली. आत बाळाचे चार केस राहिले. मिनिटभर आम्ही दोघं तसेच बसलो आणि कुणालाच काही कळलं नाही.

सोळा वर्षं माझे केस जमिनीवर पडले, पायाने पलंगाखाली सारले. आज दुसऱ्याचे पदरात घेतले तर लोक कौतुक करत होते. हसू येत होतं मला, आणि भरून पण येत होतं.

जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात मी एकटी, भांडी आवरत होते. देवणीच्या मावशी आल्या. दार लोटलं. मला वाटलं कांद्याच्या रसाचं विचारणार.

"तू एकवीस दिवसात बरी झालीस म्हणं," त्या म्हणाल्या. "रूपानं तुज्या अण्णाचा निरोप पाठवला हुता."

मी काही म्हणायच्या आत त्यांनी पदर मागे घेतला. एक वीत, जास्त नाही. टाळूवर तळहाताएवढी जागा, गुळगुळीत. भोवती आखूड पांढरे केस.

"मी बी केलं. दोनदा केलं. ते तेल बी मागिवलं. माज्यानं न्हाई झालं बाई. तुजं झालं म्हणल्यावर कळलं, माजंच मन कच्चं हाय."

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. ते कांद्याचे, मेथ्यांचे, किड्यांचे सगळे व्हिडिओ. माझ्यासाठी नव्हतेच ते. त्या स्वतःसाठी बघत होत्या, आणि वाटलं असेल, ह्या पोरीला तरी लागू पडेल. आणि अण्णांचं शुद्धिपत्र निवृत्त शिक्षकांना गेलं, देवणीला गेलंच नाही. मला सुचलं नाही. इतके दिवस मी फक्त त्या दहा वर्षांच्या मुलीची काळजी करत होते.

"मावशी, माझं झालं नव्हतं. मी खोटं बोलले."

गजरा काढला, पिना काढल्या, मान वाकवली. त्यांनी बोटांनी चाचपून बघितलं, आई बघते तसं.

"कधीपासून तुमचं?"

"लगीन हुन आले तवापासनं. रूपाच्या बापाला बी ठाव न्हाई." मग म्हणाल्या, "मग हे बरं हुतंय का न्हाई?"

अकरा व्हिडिओ डोळ्यांपुढून गेले. दहा जणांकडे याचं उत्तर तयार होतं.

"सांगता येत नाही, मावशी," मी म्हटलं. "कमी होतं. माझं थोडं झालंय. परत वाढतं पण. मन कच्चं म्हणून होत नाही, एवढं मात्र खरं."

त्यांनी पदर परत कपाळापर्यंत ओढला. मग माझ्या हातातलं ताट घेऊन पुसायला लागल्या.


२ फेब्रु., सोम. एसटीत

पहाटे निघायच्या आधी मावशींना शिक्का धरून मूठ कशी मिटायची ते दाखवलं. शिक्का नाही त्यांच्याकडे, लाटण्याची मूठ चालेल म्हणाल्या. नांदेडला मॅडमकडे येणार का विचारलं. "बघू." घरी रूपावहिनीच्या वडिलांना काय सांगायचं, ते त्या ठरवतायत.

एक ठरलं. रोज एकमेकींना आकडा कळवायचा. फक्त आकडा. खरा.

अहमदपूरला बस थांबली तेव्हा क्र. ९ चा व्हिडिओ त्यांना पाठवला. खाली लिहिलं: पोरगी अडखळते, आवाज पण नीट नाही, पण ऐका. मग माझा आकडा. काल दिवसभराचा, जावळासकट.

केस उपटले: ४.

निळ्या खुणा लगेच आल्या. मावशींना टाइप येत नाही, रेकॉर्ड करतात. वर दिसतंय, रेकॉर्डिंग चालू आहे.

लोहा गेलं. अजून चालूच आहे. एका आकड्याला एवढा वेळ लागत नाही. लागू दे, लग्नापासूनचं आहे. मी शिक्का हातात धरून बसलेय.